धुतल्यावर उरलेलं वजन

शंभर किलो आली की सत्तेचाळीस उरायची.
बाकीचं नदी न्यायची: चरबी, घाम, लेंड्या,
डोंगरातल्या झुडपांचे काटे,
एखादी गोचीड, अजून जिवंत.
वहीत त्यासाठी एक रकाना होता, घट.
पणजोबा झेफेरीनोंच्या अक्षरात, जांभळ्या शाईत,
अठराशे ब्याण्णवच्या मे महिन्यापासून.

ते म्हणे लोकर हुंगून सांगायचे
मेंढी सेरा द एस्त्रेलाच्या कुठल्या उतारावर चरली.
धनगर खोटं बोलेल, लोकर नाही बोलणार.
वजन करताना पणजोबांचा अंगठाही
काट्यावर टेकायचा म्हणे.
दोन्ही गोष्टी मी एकाच बाईकडून ऐकल्या.

ती लेओपोल्दिना. एकोणचाळीस वर्षं हौदाशी.
कंबर वाकली, गुडघे गेले, दात गेले,
हात मात्र लोण्यासारखे,
लोकरीच्या तेलानं.
आईला त्या हातांचा हेवा वाटे.
बोलून दाखवलं तिनं एका रविवारी, चर्चच्या पायरीवर.
लेओपोल्दिना म्हणाली, करू की अदलाबदल, बाईसाहेब,
पण नुसत्या हातांची नाही.

रंगखाना आजोबांनी घातला, कर्ज काढून.
मग नदीकडे बघूनच खालच्या गावाला कळायचं
आमच्याकडे कुणाची ऑर्डर आहे:
काळी वाहिली तर पाद्री, निळी तर रेल्वे,
करडी तर फौज.
करडी जास्त वाहू लागली.
एकदा गोव्याच्या छावणीसाठी सातशे ब्लँकेटं मागवली.
आजोबांनी नकाशा उघडला,
तिथं थंडी पडते का हो, म्हणून पोस्टमनला विचारलं,
आणि ऑर्डर घेतली.

दर वर्षी कातरणीचा हंगाम संपला
की आम्हा भावंडांना त्याच काट्यावर उभं करायचे.
लोकरीच्या नोंदींखाली आमची नोंद:
आन्सेल्मो एकतीस, मी चोवीस.
चपला काढून. कुणी चपलांसकट चढलं
तर आई आकडा खोडायला लावायची.

सदुसष्टात आन्सेल्मो गिनीला गेला, लढाईवर.
अंगात आमच्याच कापडाचा कोट,
जो जहाजावर तिसऱ्या दिवशीच नकोसा झाला.
निघताना बहात्तर.
सव्वीस महिन्यांनी परतला
तो घरात न येता आधी गोदामात गेला,
स्वतःच उभा राहिला काट्यावर.
अठ्ठावन्न.
बाबांनी वही उघडली, तारीख लिहिली, आकडा लिहिला,
आणि सवयीचा हात पुढच्या रकान्यात सरकला.
घट: चौदा.
मग पेन तसंच धरून बसले.
आन्सेल्मोनं वाकून वाचलं.
म्हणाला, बूट धरलेत तुम्ही बाबा.
सोळा करा.

नंतरचं तुम्हाला कुठल्याही बंद गिरणीत ऐकायला मिळेल.
पॉलिएस्टर आलं. पिंजणयंत्रं भंगारात गेली, किलोच्या भावानं,
आमच्याच काट्यावर तोलून.
शेवटचा पगार दोन हप्त्यांत द्यायचा ठरला.
दुसरा मी अजून तिघांचा देणं लागते.
तिघांतला एक वारला.

एक हौद ठेवलाय चालू.
बेलार्मिनो आणतो त्याच्या मेंढ्यांची,
कारण जाळली तर दंड
आणि विकली तर कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही.
मी धुते. सत्तरीत हात मऊ झालेत माझे.
बघायला आई नाही, आणि लेओपोल्दिना तर
त्याआधीच गेली.

काटा अर्धा किलो जास्त दाखवतो.
बेलार्मिनोला ठाऊक आहे. तो गप्प राहतो,
मीही अंगठा खिशात ठेवते.
मे महिन्यात आन्सेल्मो येऊन बसतो बाकावर,
दिवसभर लोकरीतले काटे वेचतो,
आणि जाताना गोदामातल्या काट्याला
लांबून वळसा घालतो.

कालची नोंद अर्धी आहे.
आली बावीस.
उरली किती ते वाळल्यावरच लिहायचं,
ओल्याला वजन असतं, असं पणजोबा म्हणत.
दोरीवर आहे अजून. आभाळ भरलंय.